सीमाभागात मुलांचा कॉम्प्युटर क्लास: आठ मशीनपासून सुरुवात

मुलांचा कॉम्प्युटर क्लास टिकतो की वर्षात बंद पडतो, हे एकाच गोष्टीवर ठरतं: तासाभरात प्रत्येक मुलाचे हात कीबोर्डवर किती मिनिटं राहतात. महिना झाला की घरात आई विचारते, "काय शिकलास, दाखव की." दाखवायला काही नसलं की पुढच्या महिन्याची फी येत नाही. म्हणून खोली, वायरिंग, बॅचची वेळ, फी, सगळं या मिनिटांच्या हिशेबानेच ठरवायचं. पुढचं गणित बेळगाव तालुका, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी वस्तीचा विचार करून मांडलं आहे. आकडे अंदाजाचे आहेत. भाडं आणि जुन्या मशीनचे भाव आपल्या गावात विचारून त्यात फेरफार करावा.

मुलं किती, ते आधी मोजा

मशीन घेण्याआधी आसपासच्या शाळांत जाऊन चौथी ते नववीची पटसंख्या लिहून आणा. मुख्याध्यापक सांगतात, शाळेच्या एसडीएमसी या देखरेख समितीच्या सदस्यांनाही ठाऊक असतं. मूल एकटं चालत येऊ शकेल असं अंतर साधारण दीड किलोमीटर. त्या घेऱ्यात अडीचशे मुलं असतील तर पहिल्या वर्षी पंचवीस-तीस मिळतील असा आडाखा धरावा. हिंडलगा, उचगाव, येळ्ळूर, कडोली अशा मोठ्या गावांत हे जमतं. जांबोटीच्या पलीकडे वाड्या विरळ आहेत. तिथे रोजचा क्लास धरूच नका, शाळेशी करार करून आठवड्यातून दोन दिवस शाळेतच शिकवा.

जागा बघताना महामार्ग ओलांडावा लागणार नाही ना, हे सगळ्यात आधी बघा. काकती किंवा हलग्यात भाडं स्वस्त म्हणून रस्त्याच्या पलीकडची खोली घेतली, तर अलीकडची निम्मी मुलं येत नाहीत. तळमजल्याची खोली असेल तर पावसाळ्यात भिंतीला ओल किती वर चढते ते शेजाऱ्यांना विचारा.

बारा बाय अठरा फुटांची खोली आठ मशीनला पुरते. टेबलं शाळेसारखी ओळीत मांडू नका. तीन भिंतींना लावून मुलांची तोंडं भिंतीकडे करा. मध्ये उभं राहिलं की आठही पडदे एका नजरेत दिसतात, कोण अडकलंय ते कळतं आणि वायरी पायात येत नाहीत. एका मुलाला तीन फूट रुंदी द्या. बाजारातलं टेबल तीस इंच उंच असतं. चौथी-पाचवीच्या मुलाचे खांदे त्यावर वर ओढले जातात आणि वीस मिनिटांत मान दुखायला लागते. सुताराकडून सव्वीस इंचांची सलग फळी करून घ्या, मोठ्या मुलांसाठी दोन जागा तीस इंचांच्या ठेवा. पाय लटकत असतील तर खाली लाकडी पाट. खर्च किरकोळ आहे, पण मूल तासभर बसतं की चुळबुळतं ते यावरच ठरतं.

मशीन कुठली घ्यायची

नवीन घेऊ नका. कंपन्यांतून निघालेले जुने डेस्कटॉप पुरेसे आहेत. कमीत कमी आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) एवढं बघा. साधी हार्डडिस्क असलेलं मशीन स्वस्त मिळतं, पण चालू व्हायला तीन-चार मिनिटं घेतं. आठ मुलांची तीन-तीन मिनिटं रोज वाया गेली तर महिन्याला किती, ते मांडून बघा.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून मदत देणं थांबवलं. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. दुकानदार सहाव्या पिढीच्या मशीनवर युक्तीने विंडोज ११ चढवून देतात, पण पुढचे अपडेट त्यावर नीट येतीलच असं नाही. तेव्हा मार्ग दोनच: जास्त पैसे घालून आठव्या पिढीची मशीन आणि अस्सल परवान्याचं विंडोज, नाहीतर चौथ्या ते सातव्या पिढीची स्वस्त मशीन आणि त्यावर विंडोजऐवजी चालणारं मोफत लिनक्स, म्हणजे मिंट किंवा उबंटू. आठही मशीन एकसारखी ठेवा. निम्मी इकडची निम्मी तिकडची केली की प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. "विंडोज नाही का?" असं पालक विचारणारच. शिक्षकाच्या मशीनवर विंडोज ठेवा आणि लिबरऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर) केलेलं मुलाचं काम तिथे उघडून दाखवा.

लिनक्स घेतलं तर एक अडचण आधीच माहीत असावी. ठोकळे जोडून मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या स्क्रॅचचं अधिकृत ऑफलाइन ॲप विंडोजसाठी मिळतं, लिनक्ससाठी नाही. तिथे टर्बोवार्प हे ॲप घाला. ते इंटरनेटशिवाय चालतं आणि स्क्रॅचच्याच फायली उघडतं.

आठ मशीन मुलांना आणि नववं शिल्लक. हे नववं मशीन चैन नाही. एक बिघडलं आणि दोन मुलं एकावर बसली की दोघांची मिनिटं निम्मी होतात. सगळं बसवून झालं की एका मशीनची पूर्ण प्रत क्लोनझिला या मोफत सॉफ्टवेअरने बाहेरच्या डिस्कवर घ्या. पुढे कुठलंही मशीन सॉफ्टवेअरमुळे अडलं तर दुरुस्तीच्या मागे न लागता तीच प्रत परत चढवा, अर्ध्या तासात मशीन उभं राहतं.

करंट आणि अर्थिंग

या भागातले निम्मे बिघाड मशीनचे नसतात, विजेचे असतात. एक डेस्कटॉप आणि पडदा मिळून साधारण शंभर वॉट. नऊ मशीन, टीव्ही, दोन पंखे आणि दिवे मिळून सव्वा किलोवॉटच्या आसपास. मंजूर भार ३ किलोवॉट घ्या. घराच्या मीटरवर क्लास चालवू नका. राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेची २०० युनिटांपर्यंतची सवलत फक्त घरगुती वापराला आहे, आणि त्या मीटरवर धंदा सापडला तर हेस्कॉम (इथली वीज कंपनी) दंडासह फरक वसूल करतं. भाड्याची खोली घेताना मालकाशी वेगळ्या मीटरचं बोलणं पहिल्या दिवशीच करून घ्या.

मशीनसाठी दोन वेगळ्या लाइनी, २.५ चौरस मिलिमीटरची वायर, प्रत्येकीवर १६ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की बंद पडणारा स्विच) आणि दोन्हींच्या मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच). लहान मुलं ओल्या पायांनी, ओल्या हातांनी येतात. ही आरसीसीबी बसवल्याशिवाय क्लास उघडू नये. अर्थिंग वेगळं, फक्त क्लाससाठी करा. ते पावसाळ्यात तपासून उपयोग नाही, जमीन ओली असताना कुठलंही अर्थिंग चांगलंच दाखवतं. एप्रिलमध्ये माती कोरडी पडल्यावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मल्टिमीटरने मोजा. दोन-तीन व्होल्टांच्या वर गेला तर खड्ड्यात पाणी घाला, तरी उतरला नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात असं मुलगा म्हणाला, तर त्या दिवशी क्लास तिथेच थांबवा.

आठ छोट्या यूपीएसपेक्षा एकच इन्व्हर्टर परवडतो. २ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या घेतल्या तर नव्या असताना सव्वा किलोवॉटवर दीड-दोन तास मिळतात. तिसऱ्या वर्षी हेच तासावर येतं. बटण 'यूपीएस' मोडवर ठेवायला विसरू नका. साध्या मोडवर करंट जाताना जो क्षणभराचा खंड पडतो त्यात मशीन परत सुरू होतात आणि मुलांचं न साठवलेलं काम जातं. बॅटऱ्या मुलांच्या खोलीत ठेवायच्या नाहीत. चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो, त्यांना हवा खेळती लागते. दर दोन महिन्यांनी पाण्याची पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर घाला.

वळिवात विजा कडाडायला लागल्या की इंटरनेटच्या राउटरचा प्लग आणि बाहेरून येणारी वायर दोन्ही काढा. केवळ प्लग काढून भागत नाही. तांब्याच्या वायरीतून आलेला झटका नेटवर्कचा स्विच (मशीन एकमेकांना जोडणारा डबा) आणि आठही मशीनचे नेटवर्क पोर्ट घेऊन जातो. फायबरच्या जोडणीत तो धोका कमी.

भांडवल आणि कागदपत्रं

मशीन नऊ, सरासरी १३ हजार धरून १ लाख १७ हजार. इन्व्हर्टर-बॅटऱ्या ४० हजार, फळ्या-खुर्च्या २५ हजार, वायरिंग आणि अर्थिंग १५ हजार, दाखवायला जुना मोठा टीव्ही १५ हजार, नेटवर्क ६ हजार, बोर्ड आणि नोंदण्या ८ हजार. एकूण सव्वादोन लाखांच्या आसपास. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर कर्ज मिळतं, तारण लागत नाही. निम्मी रक्कम स्वतःची असल्याशिवाय सुरुवात करू नये असं आमचं मत आहे. पहिले सहा महिने हप्त्याएवढीही शिल्लक राहत नाही.

कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा, १९६१ खाली कामगार खात्याकडे सुरुवातीपासून ३० दिवसांत नोंदणी करायची. शहरात महानगरपालिका किंवा नगरपालिकेचा, गावात पंचायतीचा व्यवसाय परवाना. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. शाळेचे विषय शिकवणार असाल तर शिकवणी संस्थांचे वेगळे नियम लागतात. फक्त कॉम्प्युटर शिकवत असाल तरीही बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात अर्ज देऊन काय लागतं ते लेखी घेऊन ठेवा, आणि बोर्डावर 'ट्यूशन' हा शब्द घालू नका.

बोर्ड रंगवण्याआधी हे वाचा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकान-आस्थापनेच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते आणि कन्नड वरच्या भागात लागतं. उरलेल्या जागेत मराठी ठळक लिहा. फक्त मराठी पाटी लावली की पहिल्याच महिन्यात ती उतरवून पुन्हा रंगवण्याचा खर्च येतो आणि पालकही धास्तावतात.

मुलांच्या सुरक्षेची सोय कुणी कागद मागितला नाही तरी करा. दारात काच हवी, दार आतून बंद होता कामा नये. शिकवणाऱ्यांची पोलिस पडताळणी करून घ्या. कोण कुणाला न्यायला आलं त्याची वही ठेवा. मुलाचा फोटो किंवा नाव व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी पालकांची सही घ्या. शिकवायला एक बाई असली की मुलींची संख्या लगेच वाढते. डिसेंबरात सहा वाजताच अंधारतं, त्यामुळे मुलींना पावणेपाचची बॅच आधी द्यावी.

वेळापत्रक

संध्याकाळी पावणेपाच ते पावणेसहा आणि सहा ते सात. सोमवार-बुधवार दोन बॅच, मंगळवार-गुरुवार दोन बॅच. शुक्रवार चुकलेल्या तासांना मोकळा. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा दुपारी एकला एक बॅच आणि त्याच मुलांना रविवारी नऊला दुसरा तास. अशी एक जोडी आणखी लावली की सहा बॅच होतात, एकूण अठ्ठेचाळीस जागा. पहिल्या वर्षी तीस भरल्या तर उत्तम चाललंय असं समजा.

बॅच आठचीच ठेवा. नववं मूल आलं की "बसव की त्याच्याजवळ" असा आग्रह होतो. तो मान्य केला तर एका मुलाची पंचेचाळीस मिनिटं बावीसवर येतात, आणि ज्या मुलाचे आईबाप आधीपासून फी भरतायत त्याच्या वाट्यातून ती जातात. त्यापेक्षा प्रतीक्षा यादी ठेवा. गावात 'तिथे जागा मिळत नाही' हे कळलं की पुढच्या प्रवेशाला पालक स्वतः येतात.

पहिले बारा आठवडे काय शिकवायचं

तासाचा साचा ठरलेला असू द्या: पहिली दहा मिनिटं टायपिंग, पाच मिनिटं टीव्हीवर दाखवणं, पस्तीस मिनिटं मुलांचं स्वतःचं काम, शेवटची दहा मिनिटं साठवणं आणि एकमेकांचं बघणं. शिकवणाऱ्याने मुलाच्या माऊसला हात लावायचा नाही. हा नियम पाळायला सगळ्यात कठीण आहे. मूल अडलं की आपण पटकन माऊस घेऊन करून देतो, आणि त्याच्या हाताला ते कधीच येत नाही. बोटाने पडद्यावर दाखवा, तोंडाने सांगा.

पहिले दोन आठवडे फक्त माऊस, फोल्डर आणि फाइल साठवणं. मोबाइलवर वाढलेल्या मुलांना फाइल कुठे जाते हे ठाऊकच नसतं, फोनवर सगळं आपोआप साठतं. प्रत्येकाचं नावाचं फोल्डर, त्यात दर तासाला नाव आणि तारीख घालून नवीन फाइल. जागा ठरलेली, मशीन ठरलेलं, कारण काम त्याच मशीनवर आहे. शुक्रवारी सगळ्या फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर. डबल क्लिक जमत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन वेग कमी करा. लहान बोटांना तो वेगच जमत नाही, मुलाला मंद समजू नका. चित्र काढायला टक्स पेंट, माऊसचा हात बसायला जीकॉम्प्रिस. दोन्ही मोफत आहेत आणि इंटरनेटशिवाय चालतात. खरं तर पहिले तीन महिने इंटरनेट लागतच नाही. नंतर जोडाल तेव्हा राउटरमध्ये डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) १.१.१.३ आणि १.०.०.३ घाला. क्लाउडफ्लेअरची ही मोफत सोय प्रौढांसाठीच्या आणि घातक साइट अडवते. मुलांच्या लॉगिनला प्रशासकाचा अधिकार देऊ नका, नाहीतर मुलं ती सेटिंग बदलतात.

टायपिंग तीन भाषांत

कोल्हापूर किंवा पुण्याच्या क्लासला जे देता येत नाही ते इथला क्लास देऊ शकतो. इथलं मराठी मूल घरी मराठी बोलतं, शाळेत कन्नड आणि इंग्रजीही शिकतं, आणि उद्या तलाठ्याकडचा उतारा असो की तहसीलचा दाखला, कन्नडच पुढे येतं. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक शिकवला तर एकदाच केलेला सराव मराठीला आणि कन्नडला दोन्हीकडे लागतो. भारतीय लिप्यांसाठी अक्षरांच्या जागा त्यात सारख्या ठेवल्या आहेत: 'के'च्या कळीवर मराठीत क, कन्नडमध्येही क. काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला.

आधी सहा आठवडे इंग्रजी, बोटांच्या जागा पक्क्या होईपर्यंत. क्लावारो हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. हातांवर रुमाल टाका म्हणजे मूल खाली बघत नाही. वेगाच्या मागे लागू नका. शंभरात पंच्याण्णव अक्षरं बरोबर आल्याशिवाय पुढचा धडा द्यायचा नाही. पाचवीचं मूल तीन महिन्यांत मिनिटाला बारा-पंधरा शब्दांवर आलं तरी पुष्कळ आहे.

मग मराठी. विंडोजमध्ये 'मराठी' आणि 'कन्नड' हे कळफलक जोडा. 'फोनेटिक' नावाचे दिसले तर काढून टाका, दोन पद्धती एकत्र आल्या की मुलांचा घोटाळा होतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. पहिला शब्द गावाचा: बेळगाव म्हणजे वाय, एस, शिफ्टसह एन, आय, ई, बी. तोच कळफलक कन्नडवर करून बेळगावी लिहायला लावा. जवळजवळ त्याच कळा लागतात, शेवटी वेलांटीसाठी एफ वाढते. फरक एका जागी पडतो: कन्नडमध्ये ऱ्हस्व ए वेगळा आहे आणि तो 'झेड'वर आहे, म्हणून बेळगावीतला बे लिहिताना एस नाही, झेड. ऱ्हस्व ओ एक आकड्याच्या डावीकडच्या कळीवर. एवढे दोन अपवाद सांगितले की मुलं कन्नडचे धडे स्वतःच टाइप करू लागतात, आणि हे बघून कन्नड माध्यमात घातलेल्या मुलांचे पालकही येतात.

दोन चुका प्रत्येक मूल करतं. हाताने लिहिताना पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, म्हणून 'कि' लिहायला मूल आधी एफ दाबतं. इथे उच्चाराच्या क्रमाने जायचं: आधी क, मग वेलांटी. रफाराचंही तेच. 'सूर्य' लिहिताना रफार शेवटी शोधत बसतात. तो र आणि हलन्त होऊन य च्या आधी येतो: एम, टी, जे, डी, आणि तिरकी रेघ असलेली कळ. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतल्या ऱ्या साठी शिफ्टसह जे, मग डी, मग य. हे न सांगितल्यामुळे छापखान्यात काम करणारी मोठी माणसंही 'दर्या' लिहून मोकळी होतात.

शिकवायचं ते युनिकोडच, म्हणजे अक्षरं कुठल्याही मशीनवर तशीच दिसतात. गावात कुणी श्रीलिपी किंवा जुन्या कन्नड नुडीतल्या फायली आणून "हे मुलांकडून दुरुस्त करून घ्या" म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. त्या फॉन्टशिवाय त्या फायली अगम्य दिसतात आणि मुलांची तयार झालेली बोटं बिघडतात.

स्क्रॅच आणि हिशेबाचा तक्ता

सातव्या आठवड्यापासून स्क्रॅच. ब्लॉकवरचे इंग्रजी शब्द तसेच ठेवा, अर्थ मराठीत सांगा. मंचाची रुंदी ४८० आणि उंची ३६०. मध्यभागी शून्य, आडवं उणे २४० ते २४०, उभं उणे १८० ते १८०. पाचवीच्या मुलांना ऋण संख्या आलेल्या नसतात, त्यामुळे मांजर डावीकडे का जात नाही ते कळत नाही. खोलीच्या फरशीवर खडूने रेघ मारून शून्यावर मुलाला उभं करा, उजवीकडे पाच, डावीकडे उणे पाच चालायला लावा. एवढं केलं की ऋण संख्या पटकन समजते.

त्रिकोण काढताना सगळेच साठ अंश वळवतात, कारण पुस्तकात कोन साठचा आहे. निघतो तो षटकोनाचा तुकडा. मांजर बाहेरच्या कोनातून वळतं, १२० अंशांतून. लगेच उत्तर देऊ नका, परत फरशीवर चालवा. चौरस ९०, पंचकोन ७२, षटकोन ६०. बाजूंच्या संख्येने ३६० ला भागायचं हे मुलं स्वतः शोधतात, आणि त्या दिवशी घरी जाऊन तेच सांगतात.

दहाव्या आठवड्यापासून मोठ्यांना लिबरऑफिसचा तक्ता. नमुन्याचे गुण आणि नमुन्याची नावं वापरू नका. घरी डेअरीला दूध जात असेल तर दुधाचा हिशेब: तारीख, सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर, दर, रक्कम, महिन्याची बेरीज. मूल घरची वही घेऊन येतं आणि छापलेला तक्ता घेऊन जातं. बेरीज शून्य येते तेव्हा दहात नऊ वेळा कारण एकच असतं: आकड्यापुढे 'लि.' लिहिलेलं. आकड्याला मजकूर चिकटला की तो रकाना आकडा राहत नाही. एकक वर शीर्षकात लिहा.

एआयची चॅट ॲपं लहान मुलांच्या क्लासमध्ये आणू नका. त्यांच्या स्वतःच्याच अटींत वयाची मर्यादा असते, आणि गूगल खातंही १३ वर्षांखालच्या मुलाला पालकाशिवाय उघडता येत नाही. मुलाचं वय खोटं लिहून खातं काढून देणं हा तर क्लासने कधीच करू नये असा प्रकार आहे.

फी आणि महिन्याचा हिशेब

महिना ५०० धरू. तीस मुलं, १५ हजार. भाडं ३५००, वीज १५००, इंटरनेट ७००, मदतनीस ४०००, दुरुस्तीसाठी बाजूला १०००, बॅटऱ्या बदलायच्या म्हणून ७००. जमेतून ११,४०० गेले, उरले ३६००. यावर घर चालत नाही, हे आधीच मान्य करून उतरावं. वर्ष भरून निघतं ते उन्हाळ्यात. कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुटतात आणि मेअखेर पुन्हा भरतात. महाराष्ट्रातल्या शाळा नंतर सुटून जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे चंदगड-गडहिंग्लजकडची भाचवंडं मेमध्ये आजोळी आलेली असतात. चार आठवड्यांचं शिबिर, सकाळी चार बॅच, आठ-आठ मुलं, १५०० रुपये: ४८ हजार. निम्मी भरली तरी मशीनच्या हप्त्याची चिंता मिटते. जाहिरात मार्चमध्ये करा. परीक्षा संपल्यावर केली तर उशीर होतो.

फी कधी येते ते गावाच्या कामधंद्यावर ठरतं. भाताच्या पट्ट्यात सुगी झाल्यावर, उसाच्या पट्ट्यात बिलं निघाल्यावर पैसा हातात येतो. तिथे तीन महिन्यांची एकदम सवलतीत घ्या. निपाणीत तंबाखू-विडीवर किंवा शहापूर-वडगावात मागावर आठवड्याच्या मजुरीने घर चालत असेल तर आठवड्याला १२५ घ्या आणि वहीवर सही द्या. दोन भावंडांना दुसऱ्याची फी पाऊण. फी थकली म्हणून मुलाला सगळ्यांसमोर उठवू नका, पालकांशी बोला.

सकाळी दहा ते चार खोली रिकामी असते. तेव्हा मोठ्यांना टायपिंग आणि टॅली शिकवता येतं. पण त्याच खोलीत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं काउंटर टाकू नये. गिऱ्हाईक घाईत असतं, पावणेपाचनंतरही येतं, आणि शिकवणारा उठून जातो.

प्रमाणपत्राबद्दल स्पष्ट बोला. सीमाभागात एमएस-सीआयटीबद्दल विचारणारे पालक बरेच. तो महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा २००१ पासूनचा अभ्यासक्रम आहे आणि नोकरीच्या वयातल्यांच्या कामाचा आहे. चौथीच्या मुलाला कुठल्याही 'शासनमान्य' कागदाची गरज नाही, आणि आपल्याकडे तो अधिकार नसताना तसं छापणं म्हणजे फसवणूक. त्याऐवजी बारा आठवड्यांनी एक शनिवार पालकांना बोलवा. मुलं स्वतःच्या मशीनवर स्वतः दाखवतील, शिक्षकाने बोलायचं नाही. याच्याइतकी चांगली जाहिरात नाही. गल्लीच्या गणपतीच्या मंडपात एक टीव्ही लावून मुलांचे स्क्रॅचचे खेळ चालवायला पंच सहसा हो म्हणतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथल्या मराठी साहित्य संमेलनांत मुलांनी टाइप केलेल्या स्थानिक कवितांचं छोटं पत्रक वाटता येईल.

बिघाड, नेहमीचे

पावसाळ्यात मशीन चालू होऊन पडदा काळा राहतो आणि बीप-बीप वाजतं. बहुतेक वेळा रॅमच्या पट्टीवर दमटपणाने थर बसलेला असतो. प्लग काढून पट्टी काढा, सोनेरी कडा पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या पुसा, परत घट्ट बसवा. दसऱ्याच्या किंवा मेच्या सुट्टीनंतर सगळ्या साइट 'सुरक्षित नाही' दाखवतात तेव्हा आधी घड्याळ बघा. आतली नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि साइटची प्रमाणपत्रं जुळत नाहीत. चार बॅटऱ्या कपाटात असाव्यात. त्यांच्यासोबत दोन माऊस, दोन कीबोर्ड, एक एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि पडद्याच्या दोन वायरी. सुट्टीत मशीन झाकून ठेवताना प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो; जुनी सुती चादर बरी. आठवड्यातून दोनदा अर्धा तास मशीन नुसती चालू ठेवली तर आतली ओल निघून जाते. सुगीनंतर उंदीर घरांकडे वळतात. वायरी फळीखाली पीव्हीसी पाइपमधून न्या आणि भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवा.

दुसरा क्लास कधी

अठ्ठेचाळीसपैकी चाळीस जागा सलग सहा महिने भरलेल्या असतील आणि प्रतीक्षा यादीत दहा नावं असतील तर. पण मशीन घेण्याआधी माणूस तयार करा. दुसऱ्या ठिकाणी शिकवणाऱ्याने पहिल्या क्लासमध्ये निदान एक पूर्ण बारा आठवड्यांची फेरी मदतनीस म्हणून केलेली असावी, त्यात माऊसला हात न लावण्याचा नियम त्याच्याकडून पाळला जातो का ते बघा. मुलांशी मराठीत आणि बीईओ कार्यालयात कन्नडमध्ये बोलू शकणारी, बीसीए किंवा डिप्लोमा झालेली मुलगी गावात मिळाली तर तिला पगारासोबत फीतला दहावा हिस्सा द्या. ती सोडून गेली तर मुलंही जातात. दुसरा क्लास पहिल्यापासून बसने अर्ध्या तासाच्या आत असावा, म्हणजे नववं मशीन दोन्हीकडे धावतं. निर्णय जानेवारीत घ्या, मीटरचा अर्ज फेब्रुवारीत टाका, वायरिंग मार्चमध्ये, आणि पहिली बॅच एप्रिलच्या शिबिराची.